किलोवर घेतलेला रंधा

मागच्या वर्षी मार्चमध्ये गावाकडचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडलं. यावल-फैजपूर पट्ट्यातलं गाव, केळीच्या बागांमधून आत जावं लागतं. पाडलं म्हणजे पाडावंच लागलं, दोन पावसाळे धाब्यातून पाणी झिरपून एक खण पार खाली बसला होता आणि चुलतभावांना तिथे स्लॅबचं घर बांधायचं होतं. पाडकामवाले येतात तेच मुळी लाकडावर डोळा ठेवून, खांब किती, कड्या म्हणजे छताखालची आडवी लाकडं किती हे त्यांनी दारात उभं राहूनच मोजलेलं असतं. मी म्हटलं बाकी काय न्यायचं ते न्या, पुढचा दरवाजा आणि माजघरातल्या चार कड्या मला पाहिजेत. चुलतभाऊ हसले, जळगावला टू बीएचकेमध्ये हा कड्या कुठे ठेवणार. ठेवल्या, बाल्कनीत. बायको अजून त्याच्यावरून बोलते.

दरवाजा अस्सल साग. वरून ऑइलपेंटचे पाचसहा थर, चॉकलेटी, मग हिरवा, मग परत चॉकलेटी. मला वाटलं रंधा मशीनवर एकदा फिरवून आणला की खालचं लाकूड बाहेर येईल, काम खतम. मशीनवाल्याने फळीवर बोटं फिरवली, चुंबक काढलं, दोन ठिकाणी टक् टक् चिकटलं, आणि म्हणाला भाऊ घेऊन जा, याच्यात खिळे आहेत, माझे ब्लेड गेले तर तुमचा दरवाजा विकूनही भरून निघणार नाही. अजून दोन ठिकाणी विचारलं, तेच उत्तर. त्यांचं काही चुकलं नाही, मशीनचं पातं मिनिटाला हजारो वेळा फिरतं, एक खिळा लागला की पात्याला खाच पडते आणि मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फळीवर त्या खाचेची रेघ उमटते. तर मग हाताने. इथून हे सगळं सुरू झालं, मला काही लहानपणापासून सुतारकामाचा नाद वगैरे नव्हता, मी अकाउंटचा माणूस.

पहिल्यांदा काय केलं, ऑनलाइन एक नवा लोखंडी रंधा मागवला, तेराशे पन्नासला. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे वाचाल तेव्हा कळेल. ग्रीसमध्ये बुडवलेला आला, पुसला, पातं खाली केलं आणि फळीवर ढकलला तर एक तर नुसता घसरायचा नाहीतर एकदम रुतून बसायचा, तोंडात छिलके अडकायचे, आणि फळीवर रंधा मारल्यासारखं नाही तर कुत्र्याने कुरतडल्यासारखं दिसत होतं. एक तास झटापट केली, शिव्या दिल्या, एक स्टार दिला आणि डब्यात बंद केला.

मग व्हिडिओ बघायला लागलो. एकदा का माणूस त्यात शिरला की रात्रीचा एक वाजतो. त्यात एक गोष्ट समजली की जुने विलायती रंधे, इंग्लंडमधल्या शेफिल्डचे वगैरे, लोक शोधून शोधून घेतात. आणि मनात आलं की भुसावळला बघू. भुसावळला रेल्वे, त्यामुळे लोखंडाच्या भंगाराचा धंदा तिथे मुरलेला. तीन रविवार गेलो. काय काय हातात आलं सांगतो, पाने, व्हाइसचे अर्धे तुकडे, एक वजनकाटा, दात गेलेल्या करवती, पण रंधा नाही. भंगारवाले चाचा ओळखायला लागले, मला बघितलं की म्हणायचे आला रंधेवाला. चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःच गोणीत हात घालून एक लालभडक गंजलेला लांबडा तुकडा बाहेर काढला. मागची मूठ मोडकी, पातं जाम, पण लोखंडात ओतलेली अक्षरं नखाने खरवडून वाचता येत होती. रेकॉर्ड, ०५. रेकॉर्ड ही कंपनी, म्हणजे शेफिल्डचा, चौदा इंची, दोन इंची पात्याचा. कडेला कुठे कुठे मूळचा निळा रंग टिकून होता.

काट्यावर टाकला, दोन किलो शंभर ग्रॅम. त्यावेळचा भंगाराचा भाव धरला तर ऐंशी रुपयेसुद्धा होत नव्हते. माझं नशीब असं की चाचांचा पोरगा तिथेच मोबाइल घेऊन बसला होता, त्याने अक्षरं टाइप केली आणि एकदम म्हणाला, अब्बा रुको, ये तो छे हजार का है. छे हजार कुठल्या देशात ते त्याने सांगितलं नाही. पाऊण तास चाललं, मी दोनदा गाडीला किक मारून निघालो, शेवटी सातशेला तुटलं. चहा त्यांनी पाजला.

घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट शहाण्यासारखी केली. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसा रंधा दोरीत लटकवून पान्याने हळूच वाजवला. रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, त्याला बारीक तडा असेल तर गंजाखाली दिसत नाही पण आवाज बद्द येतो, आणि तडा बहुतेक वेळा पात्याच्या फटीच्या दोन्ही टोकांना असतो कारण तिथेच बीड सगळ्यात पातळ. हा खणखणीत वाजला. बीड फुटलं की वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून तडा असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. गंजाला घाबरायचं नाही, फक्त पात्याची पाठ बघायची, धारेजवळ पाठीवर खोल खड्डे पडले असतील तर धार कधीच सरळ येत नाही, प्रत्येक खड्डा धारेला दात पाडतो.

आता गंज. इथे प्रत्येकाचं एक मत असतं. व्हिडिओवाला म्हणतो व्हिनेगर, दुसरा म्हणतो बॅटरी चार्जर लावा. गावाकडच्या आजी, म्हणजे पुढे येणाऱ्या सुतारआबांच्या बायको, म्हणाल्या चिंच लाव, तांब्याच्या हंड्याला लावते तशी. मी चिंच खरंच लावून बघितली, एका कानशीवर. काम करते, पण फार सावकाश, आणि मुंग्या येतात. शेवटी किराणा दुकानातलं लिंबूसत्व घेतलं, एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, बादलीत रंध्याचे सगळे सुटे भाग बुडवले. म्हणजे सुटे करता आले तेवढे. पात्यावर वाकडी पत्ती बसवलेली असते, तिचा स्क्रू इतका जाम की आधी दोन दिवस डिझेलमध्ये ठेवला, मग रुंद पेचकस कानशीने घासून खाचेच्या मापाचा केला तेव्हा कुठे सुटला. पेचकस खाचेत घट्ट बसायलाच पाहिजे, नाहीतर खाच गोल होते आणि मग स्क्रू पण गेला आणि पत्ती पण गेली. मागच्या मुठीच्या दांड्याचा नट तर हरवलेलाच होता, आणि त्याचे आटे मेट्रिकचे नाहीत, मी जळगावातली सहा हार्डवेअर दुकानं फिरलो, शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने पितळेचा करून दिला, दोनशे रुपये.

लिंबूसत्वात लोखंड टाकलं की बारीक बारीक बुडबुडे येतात आणि दोनतीन तासांत गंज काळा पडून हाताने निघायला लागतो. मग बाहेर काढायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं म्हणजे आम्ल मरतं, आणि लगेच कोरडं करायचं. लगेच म्हणजे लगेच, ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत परत पिवळं होतं. हे काम मे महिन्यात केलं हा माझा एकमेव अचूक निर्णय. जळगावचा मे तुम्हाला माहितीच आहे, गच्चीच्या फरशीवर ठेवलं की उलटंपालटं करेपर्यंत कोरडं, वर हाताला चटका. मग शिलाई मशीनचं तेल. घरातलं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल लावू नका, चारआठ दिवसांत चिकट होतं आणि महिन्याने त्याचा राळेसारखा थर बसतो.

एक पटाशी, म्हणजे सुताराची छिन्नी, मात्र घालवली. ती लिंबूसत्वात टाकली आणि त्याच दिवशी धरणगावला लग्नाला जावं लागलं, तिथून पुढे बायकोच्या माहेरी, तीन दिवसांनी आलो तर पटाशी चाळणीसारखी. गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं, त्याला काय माहीत कुठे थांबायचं.

पटाश्या कुठून आल्या ते सांगायचं राहिलं. कड्या आणायला गावी गेलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, रंध्यासाठी भुसावळ कशाला फिरतो, आपल्या गल्लीतले सुतारआबा आहेत ना. आबा आता ऐंशीच्या घरात. दहा वर्षं झाली काम सोडून, एक मुलगा सुरतेला फर्निचरच्या कामावर, तिथे सगळं प्लाय आणि मशीन, बापाची हत्यारं त्याला नको. पेटी गोठ्याच्या कोपऱ्यात, वर कडब्याच्या पेंढ्या. या आबांनीच, किंवा त्यांच्या वडिलांनी, आमच्या घराची दुरुस्ती केलेली असणार, कारण पूर्वी गावात सुतार एकच आणि त्याला वर्षाचं धान्य ठरलेलं, औताचं काम असो की दाराचं.

पेटी उघडली तर त्यात दोन लाकडी रंधे, सात पटाश्या, भोकं पाडायचं गिरमिट, लाकूड तासायचा वाकस, दोन करवती, काटकोन बघायचा गुण्या, आणि कडेला समांतर रेघ मारायचं लाकडी हत्यार, ज्याला आबा खतकस म्हणतात. मी म्हटलं आबा द्यायचं काय याचं. आबा म्हणे, दे जे द्यायचं ते, मले काय करायचं आता. मी पंधराशे म्हटलं. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त पेटीचं झाकण लावलं. दोन हजार म्हटलं, तर आजींना हाक मारून म्हणाले, चहा कमी टाक, पाहुणे निघाले. तीन हजारावर झाकण परत उघडलं, आणि तरी वाकस आणि मोठी करवत बाजूला काढून ठेवली. का विचारलं तर म्हणाले, खंडेनवमीले पुजू काय मंग, तुह्या मोबाइलले हळदकुंकू लावू?

या पेटीतली एक पटाशी घासल्यावर तिच्या दांड्यावर ठोकलेली इंग्रजी अक्षरं दिसली, जी आय पी. माझ्या अंगावर काटा आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ ला ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली, त्यामुळे ही पटाशी त्याच्या आधीची, भुसावळच्या कुठल्यातरी वर्कशॉपची असणार. दुसऱ्या एका पटाशीवर शेफिल्डच्या मार्पल्स कंपनीचं तीन पानांचं चिन्ह आणि खाली वॉरंटेड कास्ट स्टील. हे वाचून मी आधी नाराज झालो होतो, कास्ट म्हणजे बीड असं समजून. पण ते तसं नाही, मुशीत वितळवून ओतलेल्या पोलादाला तिकडे कास्ट स्टील म्हणत, शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने ती पद्धत १७४० च्या दशकात बसवली, आणि असा छाप असणं म्हणजे पातं चांगलं असण्याची खूण. तर पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा मोठ्या उत्साहात आबांना रेल्वेची सगळी हिस्ट्री सांगितली, ही पटाशी तुमच्याएवढी जुनी असेल म्हणून. आबांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, मंग चोरीची असन.

त्यांच्या वडिलांबद्दल ते अजून एक सांगतात, की फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा वडील मांडवाच्या कामाला होते. १९३६ चं ते अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, नंदलाल बोस यांनी तिथली सजावट गावातल्याच बांबू-लाकडातून करवून घेतली होती. आबांचा तेव्हा जन्मही नव्हता. आणि बांबूच्या कामाला सुताराचा रंधा किती लागला असेल याबद्दल मला शंका आहे, पण मी काही बोललो नाही.

भुसावळचा रंधा आबांना दाखवायला नेला होता, साफ करून, चकचकीत. त्यांनी हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला. हे कायले उचलून आणलं भो, धोंडा हाये हा. त्यांचं म्हणणं दिवसभर काम करायचं तर लाकडी रंधा बरा, हलका, आणि सागावर लाकडाचा तळ कसा सरकतो ते लोखंडाला जमत नाही. मग त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, याले धार कोणी लावली? मी म्हटलं कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने. कारण तोपर्यंत मला हाताने जमत नव्हतं, मी पातं त्याच्या ग्राइंडरवर नेलं होतं, त्याने ठिणग्या उडवत अर्ध्या मिनिटात करून दिलं आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत. आबांनी धारेजवळची निळी झाक दाखवली. जयलं हे.

खरंच जळलं होतं. पोलाद साधारण तीनशे डिग्रीपर्यंत तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे मऊ होतं. अशा पात्याला धार येते पण चार हात मारले की जाते. उपाय एकच, निळा भाग संपेपर्यंत थंड घासत मागे यायचं. साडेतीन मिलीमीटर. जाड दगडावर, पाणी टाकत, दोन संध्याकाळी, बोटांची सालं निघाली. त्यानंतर मी ग्राइंडरकडे बघितलं पण नाही.

धार लावणं आबांनी शिकवलं असं म्हणणं जरा जास्त होईल. ते खाटेवर बसायचे आणि मी चुकलो की हुं करायचे. पण त्यांनी एक माप सांगितलं जे कुठल्या व्हिडिओत मला इतकं सोपं सापडलं नव्हतं. पात्याची जाडी बघायची, आणि तिरपा घासलेला भाग तिच्या दुप्पट लांब ठेवायचा. घरी येऊन हिशोब केला तर दुप्पट म्हणजे बरोब्बर तीस डिग्री. अडीच पटीच्या जरा आत ठेवला तर पंचवीस. पुस्तकात पंचवीसला घासून तीसवर धार काढा असंच लिहिलेलं असतं, आबांना डिग्री माहीत नाही, जाडी माहीत आहे. आणि पाठ. माझं सगळं लक्ष तिरप्या बाजूकडे, आबांचं पाठीकडे. पाठ आरशासारखी सपाट नसेल तर पुढून कितीही घास, दोन बाजू जिथे भेटतात तीच धार, एकच बाजू नीट असून काय उपयोग. पाठ एकदाच करायची असते, जन्मात एकदा, म्हणून लोक तिचा कंटाळा करतात.

घरचा सेटअप म्हणजे काचवाल्याकडून बारा मिलीमीटर काचेचा उरलेला तुकडा आणला, दीडशे रुपये, त्यावर पाणी मारून वॉटर पेपर चिकटवायचा, ऐंशी नंबरच्या खरखरीत पेपरपासून सुरू करून हजार-दोन हजारपर्यंत. कडप्पा वापरून बघितला होता पण तो दिसतो सपाट, असतो लाटांचा. याच काचेवर रंध्याचा तळ पण सपाट केला, तळावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि घासायचं, जिथली रेघ पुसली गेली तो भाग उंच. रेकॉर्डचा तळ मधे खोलगट होता. मी वेड्यासारखा सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तीन संध्याकाळी घासत बसलो, नंतर कळलं की एवढी गरजच नव्हती, पुढचं टोक, पात्याच्या फटीची पुढची कड आणि मागचं टोक एवढं एका पातळीत आलं की पुरे. धार झाल्यावर शेवटी कंबरेच्या जुन्या पट्ट्यावर ब्रासो लावून वीसेक वेळा उलटं ओढायचं, न्हावी वस्तरा ओढतो तसं. मग हातावरचे केस निघतात. माझा डावा हात सहा महिने टकला होता, ऑफिसमध्ये लोकांनी विचारलं.

सगळ्यात जास्त मजा आबांच्या लाकडी रंध्यात आली. अंग बाभळीचं, मधे पातं आणि पातं धरायला पाचर, बाकी काही नाही, ना स्क्रू ना चाक. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की पातं खाली येतं, रंध्याच्या मागच्या अंगाला ठोकलं की वर जातं. हे आबा अर्ध्या सेकंदात करतात, मला अजून तीनचार मिनिटं लागतात. पातं लिंबूसत्वातून काढलं तर त्यावर दोन रंग दिसले, धारेकडे एक पातळ काळपट पट्टी आणि वर सगळं फिकट. मला वाटलं डाग आहे, घासला, जाईना. ती पट्टी पोलादाची, बाकी मऊ लोखंड, लोहाराने दोन्ही तापवून एकजीव केलेलं. पोलाद महाग म्हणून फक्त धारेपुरतं, आणि बाकी अंग मऊ लोखंडाचं असल्यामुळे घासायला पण सोपं. आबा म्हणाले पोलाद जुन्या कानशीचं वापरायचे. आपल्या गावच्या लोहाराने केलेलं, कुठलाही छाप नाही, आणि माझ्याकडच्या सगळ्या पात्यांत याची धार जास्त टिकते, शेफिल्ड धरून.

त्या रंध्याचा तळ वापरून वापरून झिजला होता, आणि तळ झिजला की पात्यापुढची फट रुंद होत जाते, मग लाकूड चिरत पुढे फाटतं. फटीपुढे तळात एक तुकडा बसवायचा असतो. तो मी चुलतभावाच्या मोडक्या बैलगाडीच्या आऱ्यातून कापला, ती पण बाभूळ, चाळीस वर्षं वाळलेली. खाच करताना एक पटाशी सटकून तळहातात गेली, दोन टाके. धारदार हत्याराने कमी लागतं असं लोक म्हणतात ते खोटं आहे, छान लागतं, फक्त जखम स्वच्छ असते.

आणि एक गंमत. रंध्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याच्या जागी वापरून पडलेला खोलगट भाग आहे, पण तो चुकीच्या बाजूला. आबांना विचारलं तर म्हणाले हा बापाचा, बाप डावखुरा. मी जरा भावूक झालो. ठरवलं की हे असंच ठेवायचं, घासायचं नाही, शंभर वर्षांचा हाताचा ठसा वगैरे. आबांनी माझ्याकडे बघितलं. घास ना ते, टोचत नाही का हाताले? टोचत होतं. घासलं.

मुठींना जवसाचं तेल लावलं, पेंटरकडे उकळलेलं मिळतं ते. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो, त्या तेलाचा फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं, आणि फडक्याच्या घड्यांत ती गरमी कोंडली की फडका स्वतःहून पेट घेऊ शकतो. मी गच्चीवर बादलीत टाकून जेवायला गेलो होतो, आल्यावर हात लावला तर फडका कोमट नाही चांगला गरम, आणि बाहेर ऊन चव्वेचाळीस. तेव्हापासून फडका दोरीवर पसरून वाळवतो किंवा पाण्यात बुडवतो.

हो, तो ऑनलाइनवाला नवा रंधा. पावसाळ्यात एकदा सहज डब्यातून काढला. तळ काचेवर घासला, तास दीड तास. पात्याची पाठ केली, तीसवर धार काढली. आणि पात्यावरची ती वाकडी पत्ती बघितली तर पातं आणि पत्तीच्या मधे उजेड दिसत होता, छिलके तिथेच घुसून अडकत होते, पत्तीची कड घासून पात्याला चिकटून बसेल अशी केली आणि धारेच्या मिलीमीटरभर मागे लावली. सागावर ढकलला. सळसळ आवाज करत लांबच्या लांब छिलका निघाला, कांद्याच्या सालीसारखा. मी जिन्यात जाऊन बसलो दोन मिनिटं. एक स्टार काढून टाकला, चार दिले, एक तळ वाकडा होता म्हणून कापला. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणे, धार लावता येत नव्हती तर रंध्याले कायले शिव्या दिल्या.

खर्चाचं लोक विचारतात म्हणून सांगतो, रेकॉर्ड सातशे, पेटी तीन हजार, लेथ, काच, पेपर, दगड मिळून दोन हजाराच्या आसपास, पेट्रोल धरलं नाही, टाके धरले नाहीत. एवढ्यात दरवाजा नवीन आला नसता पण दरवाजाला रंधा मारून द्यायला माणूस नक्की मिळाला असता. वेळेचा हिशोब मी करत नाही, दिवसभर तेच करतो.

खंडेनवमीला गावी गेलो, हत्यारं घेऊन. आबांच्या ओट्यावर वाकस आणि करवतीच्या शेजारी माझा रेकॉर्ड पण ठेवला, आजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आबा म्हणाले ठेव धोंड्याले पण. रात्री बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, आबांना तिखट सोसत नाही तरी खाल्लं.

दरवाजाचं काम दसऱ्यानंतर काढलं. रंग आधी खरवडून घेतला. चुंबक फिरवत खिळे शोधले, एकूण तेवीस निघाले, चौकोनी, लोहाराने ठोकलेले, डबीत ठेवलेत. डावी फळी दोन रविवारांत झाली, खालचं लाकूड वर आलं तेव्हा मधासारखा रंग आणि सागाचा तो वास सगळ्या जिन्यात, खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघून गेले. उजवी फळी सुरू केली, रेकॉर्डनेच, मस्त चाललं होतं, आणि मधोमध एकदम करकन आवाज. चोविसावा खिळा. डोकं तुटून आत गेलेला, वर लाकडाची खुंटी मारून कुणीतरी बुजवलेला, माझं स्वस्तातलं चुंबक एवढ्या खोल पोचलंच नाही. पात्याच्या मधोमध अर्धचंद्राकार खाच, दीड मिलीमीटर. खुंटी इतकी बेमालूम बसवली होती की ती आबांची की त्यांच्या डावखुऱ्या बापाची ते आबांनाच विचारावं लागेल. पातं काढलं, काचेवर पाणी मारलं, ऐंशीचा पेपर चिकटवला.